सिमरोलची निळी गाडी

माझी मोठी बहीण त्रेसष्टाव्या वर्षी कार चालवायला शिकली, आणि घरात हे आम्हाला तिचं लायसन्स हातात आल्यावर कळलं.

दिवाळीनंतरचा रविवार होता. जेवणं झाली होती, बायको ताटं उचलत होती. ताईने पर्समधून ते प्लॅस्टिकचं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. मी उलटंसुलटं करून पाहिलं. फोटोत ती कोणावर तरी रागावल्यासारखी दिसत होती.

"हे कधी केलं?"

"दोन महिने झाले जाते आहे. सकाळी तू फिरायला जातो ना, तेव्हा."

"आणि सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू आधी चार ड्रायव्हिंग स्कूलची चौकशी करून आला असता." मग बायकोकडे बघून हसली आणि म्हणाली, "आता मला गाडी पाहिजे. लहान. जुनी चालेल. पण माझी पाहिजे."

घरात गाडी होती, पण ती माझी होती. तिच्यावर हात बसवू का, असं ताईने एकदा विचारलं होतं. क्लच जळेल, असं म्हणून मी विषय संपवला होता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वडील मिलमध्ये टाइमकीपर होते, त्यांची शिफ्ट बदलत राहायची. मला उठवणं, डबा देणं, पाढे घेणं हे सगळं सतरा वर्षांच्या ताईकडे आलं. ते करता करताच तिने कॉलेज केलं, बी.एड. केलं आणि मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागली. तिने लग्न का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. लहानपणी सुचलं नाही आणि मोठेपणी हिंमत झाली नाही. राजेंद्र नगरात घर बांधलं तेव्हा खालच्या दोन खोल्या तिच्या झाल्या, वर आम्ही.

पंचवीस वर्षं ती स्कूटरवर फिरली. मग गुडघे गेले. एकदा सिग्नलवर स्कूटर तिच्यासकट आडवी झाली आणि मी ती विकायला लावली. तेव्हापासून बँकेत, भिशीला, मैत्रिणीकडे, कुठेही जायचं असलं की ती जिन्याच्या खालून विचारायची, "भाऊ, सोडतो का रे?" मी सोडायचो. कधी लगेच, कधी "अर्ध्या तासाने" म्हणून दीड तासाने. ती चप्पल घालून फाटकापाशी उभी राहायची.

"गाडी घेऊन जाणार कुठे तू?" त्या रविवारी मी विचारलं.

"पहिल्यांदा जानापावच्या डोंगरावर. तीस वर्षं पोरींना शिकवलं, चंबळ तिथून निघते म्हणून. दर वेळी बसमध्ये पोरी मोजता मोजता गेले आणि पोरी मोजता मोजता परत आले. एकदा एकटीने जाऊन बसणार आहे."

"त्यासाठी गाडी कशाला? मी नेतो ना."

"तू नेशील रे," ती म्हणाली, "पण मला जायचंय."

मी गाड्यांच्या विम्याच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं क्लेमच्या टेबलावर बसतो आहे. रोज मोडलेल्या गाड्यांचे फोटो बघणं हे माझं काम. पुरात गळ्यापर्यंत बुडालेली गाडी भंगारात जाते म्हणून कागद होतो आणि सहा महिन्यांनी तीच गाडी, नवे सीट कव्हर घालून, अत्तराचा वास मारत, दुसऱ्या गावात विकायला उभी राहते. दोन अपघातांतल्या गाड्यांचे चांगले अर्धे भाग जोडून एक गाडी केलेलीही मी पाहिली आहे. त्यामुळे जुनी गाडी घ्यायची म्हटल्यावर मी ताईला सांगितलं, "घेऊ. पण मी पास केल्याशिवाय टोकन द्यायचं नाही."

"हो बाबा. तू पेपर तपासणार, मी पास होणार," ती म्हणाली.

पहिली गाडी एका डीलरच्या आवारात पाहिली. पांढरी, चकचकीत. डीलरने ताईला खुर्ची दिली, चहा मागवला. "आंटीजी, डॉक्टर साब की गाडी है. घर से क्लिनिक, क्लिनिक से घर. बस." मीटरवर एकतीस हजार किलोमीटर होते. मी गाडीचा नंबर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसचा रेकॉर्ड काढला. दीड वर्षापूर्वीच ती अडुसष्ट हजार चालली होती. मीटर मागे फिरवला होता. ताईला सांगितलं तेव्हा तिला आधी डॉक्टरचंच वाईट वाटलं. "बिचाऱ्याला माहीतही नसेल, त्याच्या नावाने काय सांगतात ते."

दुसरी लाल होती, एका घरातून विकायला निघालेली. सगळे कागद स्वच्छ. मी पुढच्या सीटचा बेल्ट धरून शेवटपर्यंत बाहेर ओढला. जो भाग नेहमी आत गुंडाळलेला असतो, तिथे सुकलेल्या गाळाची रेघ होती. गाडी बुडून आली होती. मी ताईला बाजूला घेऊन ती रेघ दाखवली. तिने चष्मा वर करून पाहिली, आणि घरी आल्यावर बायकोला इतक्या कौतुकाने सांगितलं, की मला पुढे कितीतरी दिवस त्याची गोडी पुरली. "आपला भाऊ म्हणजे, अगं, पट्टा ओढला की गाडीचा पूर अंगणात!"

तिसरीवर कर्ज बाकी होतं. चौथीचा कागदोपत्री मालक वारला होता आणि वारसांचं पटत नव्हतं. पाचवीत मला काही सापडलं नाही. म्हणून मी म्हटलं, इतकी स्वच्छ गाडी इतक्या लवकर का विकतो आहे हा माणूस? आणि ती सोडली.

संक्रांतीनंतर ताई घाई करायला लागली. मी ऑफिसातून आलो की जिन्यापाशी विचारायची, "आज काही कळलं का?" हात सुटू नये म्हणून तिने पुन्हा ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. शिकवणारे मास्तर चाळिशीतले, शांत गृहस्थ होते. सकाळी फाटकाशी येऊन एकदाच हॉर्न द्यायचे. लालबागच्या मागच्या गल्ल्यांतून ती रोज अर्धा तास गाडी चालवून यायची. ती बारीक दिसत होती. मी म्हटलंसुद्धा एकदा. ती म्हणाली, "ब्रेक मारून मारून." मी हसलो.

मार्चमध्ये सिमरोलच्या गाडीचं कळलं. तिथल्या इंजिनिअरिंग संस्थेत शिकवणाऱ्या एक बाई दुसऱ्या शहरात नोकरी लागली म्हणून पंधरा दिवसांत निघणार होत्या. गाडी निळी, पाच वर्षांची, एकच मालक. शनिवारी आम्ही दोघं गेलो.

त्या बाईंनी किल्ली सरळ ताईच्या हातात दिली. "तुम्ही चालवणार ना? मग तुम्हीच बघा," त्या मराठीत म्हणाल्या. ताईने सीट पुढे घेतलं, आरसे नीट केले, आणि आम्ही तिघं निघालो. ताई पुढे, शेजारी त्या, मागे मी. मी बहिणीला गाडी चालवताना तोवर एकदाही पाहिलं नव्हतं. ती गव्हाच्या शेतांमधल्या त्या रस्त्याने चाळीसच्या स्पीडने, अगदी आपल्या लेनमध्ये चालली होती. समोरून ट्रॅक्टर आला. मी मागे श्वास धरला. तिने शांतपणे गाडी डावीकडे घेतली, ट्रॅक्टर जाऊ दिला आणि पुन्हा रस्त्यावर आली. पुढे एका झाडाखाली तीन वेळा मागेपुढे करून गाडी वळवली. वळल्यावर तिने मागे मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नव्या फ्रॉकमधली मुलगी पाहते तसं. माझ्या बहिणीला मी मुलगी म्हणून कधी पाहिलेलंच नव्हतं.

परत आल्यावर मी माझं काम सुरू केलं. उजव्या पुढच्या दाराचे बोल्ट फिरवलेले दिसत होते. दाराच्या कडेचा रंग बाकीच्या रंगापेक्षा किंचित ताजा. मी बाईंना विचारलं.

"अरे हो," त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी गेटला घासली होती. दार बदललं. सांगायचं राहिलंच."

मी म्हटलं, चार दिवसांत कळवतो.

येताना ताई खिडकीबाहेर बघत होती. भंवरकुवाच्या सिग्नलला म्हणाली, "घेऊ या ना रे ही."

"चार दिवस थांब. दार बदललंय म्हणजे आत किती लागलंय, ते बघायला पाहिजे."

"तिने खरं सांगितलं ना."

"विचारल्यावर सांगितलं."

"माणसं विचारल्यावरच सांगतात, भाऊ."

मी गिअर टाकला. सिग्नल सुटला होता.

मार्च अखेर म्हणजे आमच्या ऑफिसात मान वर करायला वेळ नसतो. चार दिवसांचे दहा झाले. ताईने त्या दहा दिवसांत दोनदाच विचारलं. अकराव्या दिवशी वर्कशॉपमधून जुन्या दुरुस्तीचा कागद आला. एक दार, एक मडगार्ड, रंगकाम. आतल्या सांगाड्याला काही नाही. बाई शब्दशः खरं बोलल्या होत्या. मी ऑफिसातूनच फोन केला.

"सॉरी हं," त्या म्हणाल्या, "परवाच दिली. मी वाट पाहिली तुमची. ताईंना आवडली होती ना."

घरी येऊन सांगितलं तेव्हा ताई मटार सोलत होती. हात थांबले नाहीत. "जाऊ दे. कोणाला तरी चांगली गाडी मिळाली," म्हणाली. मी म्हटलं, दुसरी बघू. ती म्हणाली, "बघू."

त्यानंतर तिने जिन्यापाशी विचारणं बंद केलं.

मेमध्ये एका दुपारी बायकोला ती अंगणातल्या नळापाशी खाली बसलेली दिसली. पोट धरून. उठवायला गेली तेव्हा बायकोच्या लक्षात आलं, की गाऊनखाली पोट फुगलेलं आहे आणि हात मात्र काडीसारखे झाले आहेत. आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "आधीचे काही रिपोर्ट आहेत?"

ताई छताकडे बघत म्हणाली, "कपाटात आहेत. साड्यांच्या खाली."

मी घरी येऊन कपाट उघडलं. पिवळ्या फाइलमध्ये सोनोग्राफी होती, रक्ताच्या तपासण्या होत्या आणि एका लेडी डॉक्टरची चिठ्ठी होती. अंडाशयात गाठ आहे, ताबडतोब कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा, असं तिच्यात लिहिलं होतं. खाली तारीख होती. संक्रांतीच्या चार दिवसांनंतरची. मी ती फाइल घेऊन तिच्या पलंगावर बसलो. सिमरोलला गेलो तेव्हा तिला माहीत होतं. ट्रॅक्टरला जागा दिली तेव्हा माहीत होतं. सत्तावीस वर्षं लोकांच्या कागदांवरच्या तारखा जुळवणारा माणूस मी, आणि ह्या तारखा माझ्याच घरात, माझ्या पायाखालच्या खोलीत होत्या.

हॉस्पिटलात परत गेलो. मला ओरडायचं होतं. ओरडलोही, हळू आवाजात, कारण शेजारी दुसरा पेशंट झोपला होता.

"का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला गाडीजवळ जाऊ दिलं असतं का?"

मी हातातली फाइल बंद केली.

"मी हिशोब केला होता रे," ती म्हणाली. "दोन महिने गाडी चालवीन. जानापावला जाऊन येईन. मग जाईन दवाखान्यात, मग काय करायचं ते करा. एकदा तुमच्या हातात गेले की मी पेशंट होणार, सगळे मला इकडून तिकडे नेणार. हे मला माहीत होतं." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तुझी काही चूक नाही. गाडी तपासूनच घ्यायची असते."

तिने ते मनापासून म्हटलं होतं. तेच मला सोसत नाही.

मी डॉक्टरांना एकट्यात गाठून विचारलं, जानेवारीत आली असती तर? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, तेव्हाही पसरलेलंच असणार, फार फरक पडला नसता. ते खरं होतं की माझ्याकडे बघून ठरवलेलं होतं, मला आजवर कळलेलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

केमो सुरू झाली. दुसऱ्या डोसनंतर पंधरा दिवस ती बरी होती. वरण-भात खायला लागली, बायकोशी वाद घालायला लागली. मी त्याच आठवड्यात एका डीलरकडे गेलो. समोर जी लहान गाडी दिसली, तिचे फोटो काढले आणि घरी आलो. नंबर लिहून घेतला नाही, बोनेट उघडलं नाही. फोटो दाखवून ताईला म्हटलं, "उद्या आणतो."

तिने फोटो नीट पाहिले. एकेक मोठा करून. मग फोन माझ्याकडे दिला.

"आता नको. औषधाने पायाला मुंग्या येतात. तळवा बधिर आहे. पाय ब्रेकवर आहे की नाही, तेच समजत नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "कोणाचं तरी लेकरू मध्ये येईल."

मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बायको दारापाशी येऊन परत गेली.

मास्तरांच्या गाडीत ताईला एकदा चालवू द्यायची, ही कल्पना बायकोची. मी त्या मास्तरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भिया, मुझे तो लगा आंटीजी ने गाडी ले ली, इसलिए आना बंद किया." मग म्हणाले, "कल सुबह साढे छह. मेरी तरफ भी ब्रेक-क्लच है ना. आप फिकर मत करो."

सकाळी फाटकाशी एकदाच हॉर्न वाजला. ताई आधीच तयार होती. डोक्याला रुमाल, पायात बूट, हातात लायसन्स. मास्तरांनी खाली उतरून दार उघडलं, पण आधार दिला नाही. ते मला फार आवडलं. मी मागे बसलो.

राजेंद्र नगरच्या गल्लीतून बाहेर पडेपर्यंत गाडी दोनदा बंद पडली. "कोई बात नहीं, आराम से," मास्तर म्हणाले. तिसऱ्यांदा सुटली ती चालली. रस्ता मोकळा होता. दूधवाले होते, फिरायला निघालेली माणसं होती. लालबागच्या भिंतीला वळसा घालून ती दुसऱ्या गिअरमध्ये चालवत राहिली, मग तिसरा टाकला. मला मागून तिचे दोन्ही हात दिसत होते, सलाइनच्या सुयांनी निळे पडलेले, स्टिअरिंगवर घट्ट. ती काही बोलत नव्हती. एकदा एका कुत्र्यासाठी हॉर्न दिला आणि त्याला "सरक ना, राजा" म्हणाली.

वीस-पंचवीस मिनिटांनी ती घरापाशी आली, गाडी फाटकासमोर सरळ लावली, हँडब्रेक ओढला.

"आंटीजी, मैंने ब्रेक को छुआ भी नहीं," मास्तर म्हणाले.

त्यांचा पाय मला मागून दिसत होता. प्रत्येक वळणावर तो हळूच खाली गेला होता. ताईलाही ते कळलं असणार. ती म्हणाली, "मालूम है, मास्टरजी," आणि दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केला.

त्यानंतर ती गाडीत पुढे बसली नाही. तिसऱ्या डोसनंतर पोटात पुन्हा पाणी भरायला लागलं. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर म्हणाले. नवरात्रात तिने सांगितलं, "मला घरी न्या." आम्ही ॲम्ब्युलन्सने तिला घेऊन निघालो. ती स्ट्रेचरवर आडवी, डोळे मिटलेले, नाकात नळी. मी शेजारच्या बाकावर तिचा हात धरून बसलो होतो. ती झोपली आहे असं मला वाटत होतं. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. त्याच्यावरून गाडी धडधडत गेली. ताईने डोळे न उघडता म्हटलं,

"तिसऱ्यातच घेतली त्याने."

"काय गं?"

"स्पीडब्रेकर. दुसऱ्यात घ्यायचा असतो."

मी ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर टकटक करून सांगितलं, "भिया, दुसऱ्या गिअरमध्ये चला, पेशंट सांगतो आहे." त्याला काही कळलं नाही, पण त्याने गिअर बदलला. पुढचा स्पीडब्रेकर हलकेच गेला. ताईच्या तोंडावर जरासं समाधान आलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बायको तिचे केस विंचरायला बसली होती तेव्हा, ती गेली. केस असे नव्हतेच, नुसती बोटभर पांढरी लव आली होती. पण तिला विंचरून घ्यायला आवडायचं, म्हणून बायको रोज कंगवा घेऊन बसायची.